पवनचक्कीचं पिल्लू

त्या वर्षी आमच्या गावाने महादेव पाण्यात ठेवला होता. आमच्याकडची ही जुनी रीत आहे. पाऊस फार लांबला की गाभाऱ्याचा उंबरा मातीने लिंपून बंद करायचा, आत घागरींनी पाणी ओतायचे आणि पिंड पूर्ण बुडाली की बाहेर भजन धरायचे. पाऊस आल्याशिवाय ते पाणी सोडायचे नाही आणि भजनही सोडायचे नाही. पूर्वी हे पाणी गावच्या आडाचे असे. त्या वर्षी आड कोरडा होता आणि पाणी टँकरचे होते. प्रत्येक घराने आपल्या वाट्यातून घागर दिली. फरशीच्या फटींतून पाणी मुरे, म्हणून रोज सकाळी पुन्हा भर घालावी लागे. माझ्या थोरल्या भावाची विधवा आमच्याच घरात राहत असे. ती आपली घागर देऊन येई आणि त्या दिवशी तोंड धुवत नसे. पुढे जे घडले ते या पाण्याशिवाय समजणार नाही, म्हणून ते आधी सांगितले.

गाव नेकनूरच्या पलीकडे, बालाघाटाच्या उतारावर आहे. मी तेथील सेवा सहकारी सोसायटीचा सचिव होतो. नोकरी संपत आली होती. खताची वाटणी, बियाण्यांची वाटणी आणि वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा, एवढ्यात माझे आयुष्य गेले. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

काही वर्षांपूर्वी डोंगराच्या माथ्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या. त्या आल्या आणि नेमका त्याच सुमारास पाऊस हटू लागला. गावाने या दोन गोष्टी जोडल्या. चक्कीचे पाते फिरते, वारा फुटतो, वाऱ्याबरोबर ढग फुटतो आणि पाऊस दुसऱ्याच्या शिवारात जातो, असे शहाणी माणसेही बोलत. मी एकदा सभेत समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. लोकांनी शांतपणे ऐकून घेतले. नंतर एकाने विचारले, "मग सेक्रेटरी, पाऊस चक्की आल्यावरच गेला, ते कावून?" तेव्हापासून मी तो विषय काढला नाही.

ज्या साखर कारखान्याचे आम्ही सभासद होतो, त्याने त्या उन्हाळ्यात आमच्या तलावातला गाळ काढून दिला होता. ऊस नव्हता, कारखान्याची वाहने रिकामी उभी होती, म्हणून ती गाळाला लावली. आता कारखान्याच्या वार्षिक सभेत ते काम पडद्यावर दाखवायचे होते. जमिनीवरून घेतलेल्या चित्रात खड्डा दिसतो, तलाव दिसत नाही, असे कोणीतरी संचालकांच्या डोक्यात भरवले. म्हणून त्यांनी वरून चित्रीकरण करणारा माणूस पाठवला आणि त्याची जबाबदारी सोसायटीवर, म्हणजे माझ्यावर टाकली. आमचे चेअरमन त्या दिवशी कामासाठी बीडला गेले होते.

ड्रोन हा शब्द तेव्हा गावात आलेला नव्हता. जीपमधून जे उतरले ते एक हेलिकॉप्टर होते. लांबी मोठ्या वासराएवढी, पोटाखाली कॅमेरा, माथ्यावर लाकडाची दोन पाती. ते तेलावर चाले आणि फवारणीच्या पंपासारखा आवाज करी. चालवणारा चाळिशीचा, सडपातळ गृहस्थ होता. गळ्यात पट्ट्याने अडकवलेली एक पेटी, तिच्यावर दोन दांड्या. त्या दांड्यांवर त्याचे अंगठे असत आणि डोळे यंत्रावर. यंत्र त्याने स्वतः जोडले होते, पाती स्वतः घासली होती. त्यावरच त्याचे घर चाले, हे त्याने मला आल्या आल्या सांगितले. का सांगितले, ते तेव्हा कळले नाही.

जीप त्याला सोडून परत गेली. संध्याकाळी न्यायला येणार होती.

सकाळचे उड्डाण चांगले झाले. तलावाच्या पाळीवर, देवळापासून थोड्या अंतरावर सपाट जागा होती. तेथून ते उठले. बरीच माणसे जमली आणि थट्टाही झाली.

"डायवर कुठं बसतो हो ह्याचा?"

"डायवर खालीच हाय. डिझेल वाचावं म्हनून."

"सेक्रेटरी, सोसायटीचं खत यायला दोन महिने लागत्यात, अन् हे कसं काय टायमावर आलं?"

मी हसलो नाही. मी सहसा हसत नाही, त्यामुळे कोणाला काही वाटले नाही.

उतरताना यंत्र वाऱ्याने थोडे बाजूला सरकले आणि पात्याचे टोक पाळीवरच्या बाभळीला लागले. मनगटाएवढी फांदी तुटून खाली पडली. आवाज फारसा झाला नाही. मी ती उचलून पाहिली. काप करवतीने घेतल्यासारखा होता.

"फांदीच्या जागी माणूस असता तर?" मी विचारले.

"तर माणूस," तो म्हणाला आणि पात्यावरून बोट फिरवून खरचटले आहे का ते पाहू लागला.

त्या क्षणापासून मला बरे वाटेना.

दुपारी तो आमच्याकडे जेवला. वहिनीने त्याला तांब्या दिला तो अर्धा भरलेला. त्याने तो एका घोटात संपवला आणि पुन्हा पुढे केला. वहिनीने माझ्याकडे पाहिले. मी माझा तांब्या त्याच्यापुढे सरकवला. शहरातल्या माणसाला हे कळत नाही, त्यात त्याचा दोष नव्हता.

जेवण झाल्यावर आम्ही ओट्यावर बसलो असताना पश्चिमेला, डोंगराच्या मागून ढग वर आला. त्या पावसाळ्यात ढग येत आणि पांढरे पडून जात. हा तसा नव्हता. तो खाली होता, काळा होता आणि त्याच्या बुडाशी जांभळी रेघ होती. गल्लीतून माणसे बाहेर आली. कोणी मोठ्याने बोलेना. देवळातल्या भजनाला मात्र जोर चढला. टाळांचा आवाज आमच्या ओट्यापर्यंत येऊ लागला.

तो गृहस्थ उठला. "आता एकदा उडवतो," तो म्हणाला. "सकाळी उन्हामुळे तलाव नुसता पांढरा आला आहे. ढगाखाली उजेड मऊ असतो. असा उजेड परत मिळायचा नाही."

"थोडे थांबा," मी म्हणालो.

"ढग गेल्यावर?"

मी त्याला पवनचक्कीची गोष्ट सांगितली. तो ऐकून हसला. मग म्हणाला, "काका, मी चित्र नीट नेले नाही तर कारखाना मला पुन्हा बोलावणार नाही." हे त्याचे म्हणणे खरे होते. आम्ही पाळीवर गेलो.

यंत्र वर गेले. प्रथम काही झाले नाही. ते तलावावर फिरत राहिले आणि मी त्याच्याकडे न पाहता ढगाकडे पाहत राहिलो. ढग आमच्या शिवाराच्या कडेपर्यंत आला होता. मग वारा सुटला. पावसाआधी सुटतो तसा थंड वारा नव्हता, कोरडा होता, धूळ घेऊन आलेला. ढगाची अलीकडची कड विस्कटली. कापूस पिंजावा तशी ती सुटी झाली आणि मधून आभाळ दिसू लागले.

त्याच वेळी भजन थांबले.

मी लिहिले आहे की भजन सोडायचे नाही अशी रीत होती. रात्रंदिवस ते चाले, आम्ही त्या आवाजात झोपत होतो. ते थांबल्यावर केवळ यंत्राचा आवाज उरला. मी देवळाकडे वळून पाहिले. माणसे बाहेर येत होती. टाळ अजून काहींच्या हातात होते. त्यांनी वर पाहिले, ढगाकडे पाहिले, पुन्हा यंत्राकडे पाहिले.

"ते बघा," कोणीतरी ओरडले. "पवनचक्कीचं पिल्लू!"

त्यानंतरचे फार लवकर घडले. देवळाकडून माणसे पाळीवर आली. गावातून आली. बायका पाळीवर न येता सरळ कोरड्या तलावात उतरल्या, कारण यंत्र त्यांच्या डोक्यावर होते आणि त्यांना ते जवळून पाहायचे होते. त्यांत वहिनी होती. काही पुरुषही खाली धावले आणि गाळाच्या कडेचे दगड उचलू लागले. पहिला दगड यंत्राच्या निम्म्या उंचीपर्यंतही पोचला नाही आणि परत खाली माणसांत पडला.

आमच्याभोवती गराडा पडला. सर्वांत पुढे जो होता तो सोसायटीचा जुना सभासद होता. उंच, हाडाने मोठा. दर वार्षिक सभेत पहिल्याच विषयावर तो उभा राही आणि हरकत घेई. त्याची हरकत ऐकल्याशिवाय सभा झाली असे आम्हाला वाटत नसे. आमचे वैर नव्हते. त्या दिवशी त्याच्या हातात नारळाएवढा दगड होता.

"सेक्रेटरी, हे कोनी आनलं?"

"कारखान्याने."

"आमचा देव पान्यात हाय. पोरं तहानलेली ठिवून आमी त्यात घागरी वतल्या. अन् ढग दारात आल्यावर तुमी पंखा लावता?"

"हा पंखा नाही. कॅमेरा आहे."

"मला शिकवू नका. फिरतंय का न्हाई ते?"

फिरत होते. मी काय सांगणार?

तो गृहस्थ मान वर करून उभा होता. त्याने कोणाकडे पाहिले नाही. त्याला पाहताच येत नव्हते. यंत्रावरून नजर हटली की यंत्र हातातून गेले, असे त्याने मला सकाळीच सांगितले होते. ओठ फारसे न हलवता तो माझ्याशी बोलला.

"काका, माणसं मागे घ्या. माझ्या हाताला धक्का लागला तर ते कोणाच्या तरी डोक्यात जाईल."

"उतरवा."

"कुठे? जागा कुठे आहे?"

मी पाहिले. सपाट जागेवर माणसे होती. पाळीवर माणसे होती. तलावात बरोबर यंत्राखाली बायका होत्या आणि वहिनी डोळ्यांवर हात धरून वर पाहत होती. मला बाभळीच्या फांदीचा काप आठवला.

"तेल किती आहे?"

"थोडं."

कोणीतरी मागून त्याची कॉलर धरली. यंत्र एका बाजूला कलले, खाली बायकांत किंकाळी उठली, आणि ते पुन्हा सावरले. मी तो हात धरून सोडवला. हात कोणाचा होता ते मला माहीत आहे. लिहीत नाही.

मला भीती वाटली. अनेकांना मी आयुष्यात सांगितले की मला कशाचीही भीती वाटत नाही. ते विधान त्या दिवशी पाळीवर संपले. त्या माणसाला धक्का लागला तर खाली कोणीतरी मरणार, आणि खाली कोणी मेले तर हा माणूस वर मरणार, हे मला स्वच्छ दिसत होते. दोन्ही टाळण्याचा उपाय दिसत नव्हता. मी तोंड उघडले ते काही ठरवून नव्हे. माझ्या तोंडाला जमावासमोर जे एकच वाक्य येत होते ते आले.

"सभासदांना विनंती आहे की त्यांनी आपापल्या जागी बसून घ्यावे. सभेचे कामकाज सुरू होत आहे."

पुढच्या ओळीतले दोन म्हातारे बसले. त्यांनी विचार केला नसावा. वर्षानुवर्षे हे वाक्य ऐकून ते बसत आले होते. त्यांच्या मागचे काही जण त्यांना पाहून बसले. बाकीचे उभेच राहिले.

"कशाची सभा हो?" उंच सभासद म्हणाला.

"विशेष सर्वसाधारण."

"नोटीस कुठंय?"

त्याने हा प्रश्न विचारला आणि मला श्वास घेता आला. तो हरकतीवर आला होता.

"नोटीस निघालेली नाही."

"मग सभा बेकायदा हाय."

"हरकत नोंदवली."

"चेअरमन न्हाई."

"चेअरमन बीडला आहेत. उपस्थितांतून अध्यक्ष निवडावा लागेल. मी आपले नाव सुचवतो."

इतक्या वर्षांत त्याचे नाव कोणी कशासाठीही सुचवले नव्हते. मागून कोणी तरी हसले. "अनुमोदन हाय!" दुसरा म्हणाला, "करा, करा. आता हरकत कोन घेतंय ते बघू." यंत्र डोक्यावर घरघरत होते. उंच सभासदाने चहूकडे पाहिले, धोतराचा सोगा आवरला आणि पाळीच्या दगडी कठड्यावर बसला. हातातला दगड त्याने टाकला नाही. तो मांडीवर ठेवला.

तो बसल्यावर पाळीवरची माणसे बसली.

"विषय पहिला," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. "यंत्र खाली येईपर्यंत कोणी दगड मारू नये. तलावातल्यांनी वर येऊन बसावे."

"अन् ढगाचं काय?" मागून एकाने विचारले.

"तो विषय दुसरा."

"आधी पैला होऊ द्या की," अध्यक्ष ओरडला. "नेमानं चालू द्या. मंजूर का?"

"मंजूर."

तलावातले पुरुष वर येऊ लागले. त्यांनी दगड खाली टाकले, काहींनी खिशात घातले. बायका जागच्या हलल्या नाहीत. अध्यक्षाने त्यांना हाक मारली. "ओ बायांनो, ठराव झालाय. वर या."

खालून वहिनीचा आवाज आला. तिला मी त्याआधी चारचौघांत बोलताना ऐकले नव्हते.

"आमी काय मेंबर हाव का? ठराव तुमचा. आमाला लागू न्हाई."

"मेंबर नसाल, पर वर या की."

"सभा भरती तवा आमाला कोनी बलावलं न्हाई. आजच कावून? आमी हितंच हाव. ते खाली येऊ द्या, मग बघतो आमी त्याच्याकडं."

कोणी हसले नाही. तिचे म्हणणे नियमाला धरून होते. सोसायटीच्या सभासदांत त्यांच्यापैकी एकही बाई नव्हती.

यंत्राचा आवाज बदलला. भरलेला होता तो खोकल्यासारखा तुटू लागला. "काका," तो गृहस्थ म्हणाला, "आता बंद पडेल." मी वहिनीला हाक मारली. तिने ऐकले किंवा नाही ते कळले नाही. आवाज थांबला.

मी अनेकदा विचार केला आहे की त्या शांततेत नेमके काय होते. काहीच नव्हते. यंत्र आभाळात होते आणि त्याचा आवाज नव्हता. मग ते खाली येऊ लागले. तो गृहस्थ म्हणे, इंजिन मेले तरी पाती वाऱ्याने फिरत राहतात आणि त्यांच्या जोरावर एकदाच, फक्त एकदाच, ते उतरवता येते. हे त्याने नंतर सांगितले. तेव्हा मी केवळ त्याचे अंगठे पाहिले. ते थरथरत नव्हते. त्याचे बाकीचे सगळे अंग थरथरत होते.

बायका आता पळाल्या. वहिनी पळाली नाही. तिला पायाचे दुखणे होते. ती जागेवर खाली बसली आणि तिने पदर डोक्यावर घेतला. यंत्र तिच्यावरून गेले. मी डोळे मिटले नाहीत, कारण मिटता आले नाहीत. पात्यांचा फडफडाट ऐकू आला, नंतर गाळाच्या खड्ड्यापलीकडे ते टेकले, कलंडले, एक पाते चिखलाच्या वाळल्या ढेपांत घुसून मोडले आणि शेपूट तुटले. ढेकळे उडाली. वहिनीच्या पाठीवर धूळ पडली. ती उठली, पदर झटकला आणि यंत्राकडे न पाहता आभाळाकडे पाहिले.

सगळ्यांनीच मग आभाळाकडे पाहिले. ढग गेला होता. अर्धा डोंगराच्या अलीकडे विरत होता आणि अर्धा दूर, दुसऱ्या गावांवर होता. तिकडे पाऊस पडत असावा. आभाळाखाली तिरप्या रेघा दिसत होत्या.

एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तो ते पुसत नव्हता. मला त्या म्हाताऱ्याची सर्वांत जास्त भीती वाटली.

"विषय दुसरा," अध्यक्ष म्हणाला. त्याने आता माझ्याकडे पाहिले नाही. सभा त्याची झाली होती.

"ह्याला सोडू नका," मागून आवाज आला. "पाऊस पडंस्तवर गावातच ठिवा. ह्यानं घालवला, ह्यालाच आनू द्या."

"देवळाच्या खांबाला बांधा."

"मंजूर?" अध्यक्षाने विचारले.

"मंजूर!"

पहिल्या ठरावापेक्षा हा आवाज मोठा होता. मला तेव्हा समजले की मी काय करून बसलो होतो. हा गराडा होता तोवर कदाचित पांगला असता. मी त्याला बसवले, अध्यक्ष दिला, विषय दिला. आता जे होत होते ते ठरावाने होत होते आणि ठराव मोडण्याची आमच्या गावाला सवय नव्हती. मी म्हणालो, "हा विषय सोसायटीच्या अधिकारात बसत नाही." अध्यक्ष म्हणाला, "हरकत नोंदवली." लोक हसले. ते हसणे मी विसरलो नाही.

त्या गृहस्थाने प्रथमच मान खाली केली होती. त्याने माझी बाही धरली होती. दोघा-तिघांनी त्याच्या गळ्यातली पेटी काढून घेतली.

वहिनी तोवर पाळ चढून वर आली होती. ती माझ्याशी बोलायला आली नव्हती. ती अध्यक्षापुढे उभी राहिली.

"ठिवनार म्हनता?"

"ठराव झालाय, वैनी."

"झाला तर झाला. पर ह्यो मानूस लई पानी पितो. दुपारी दोन तांबे पिला मपल्या देखत. त्याच्या वाट्याची घागर कोन देनार? महादेवाची भरायची का ह्याची?"

ती सभेकडे वळली.

"मंजूर म्हनलं त्यानं हात वर करा," ती म्हणाली. "उद्यापून एकेक घागर. करा की. मघा तर लई आवाज हुता."

एकही हात वर झाला नाही. अध्यक्षाने सभेवरून नजर फिरवली, मग मांडीवरच्या दगडाकडे पाहिले. टँकर दिवसाआड येई, तेही कधी येई कधी नाही. प्रत्येक जण मनात आपल्या घरची भांडी मोजत असावा. वहिनीने दया दाखवली असे काही जण नंतर म्हणाले. मी तिला विचारले नाही. माझ्या मते तिने जे विचारले तेच तिला विचारायचे होते.

"दुरुस्ती घ्या," अध्यक्ष अखेर म्हणाला. "यंत्र ठिवायचं. त्याला पानी लागत न्हाई. मानूस जाऊ द्या."

"मंजूर," लोक म्हणाले, आधीपेक्षा हळू.

"यंत्र सोडून मी जाणार नाही," तो गृहस्थ म्हणाला. जमावाशी बोललेले त्याचे हे पहिले वाक्य होते आणि ते चुकीच्या वेळी आले. बसलेल्यांपैकी काही उठले. मी त्याचा दंड धरला आणि त्याच्याशी एकेरीत बोललो. "चल. एक शब्द बोलू नको."

आम्ही जीपची वाट पाहिली नाही. पायवाटेने सडकेकडे निघालो. सगळे गाव नव्हे, पण बरेच लोक आमच्या मागून चालत आले. ते काही बोलत नव्हते आणि जवळही येत नव्हते. आम्ही थांबलो की ते थांबत. आमच्या पाठीवर उन्हासारखी त्यांची नजर होती. मी त्याला मागे पाहू नको असे सांगितले आणि मी स्वतः दोनदा पाहिले. सडकेवर बीडकडे जाणारी बस आली. तो चढला. वाहकाने तिकीट विचारले तेव्हा त्याला जायच्या गावाचे नाव आठवेना. बस गेली. मग मी वळलो आणि त्याच लोकांतून, त्यांच्यामधून वाट काढीत घरी आलो. कोणी मला हात लावला नाही. एकाने सरकून वाट दिली आणि म्हणाला, "सेक्रेटरी, चपलेचा अंगठा तुटलाय तुमचा." खरोखर तुटला होता.

चेअरमन परतल्यावर त्यांनी कारखान्याला कळवले की तेल संपून यंत्र पडले. ते खोटे नव्हते. तुटलेले यंत्र सोसायटीच्या गोदामात रिकाम्या खतपोत्यांवर ठेवले गेले. किल्ली माझ्याकडे असे. त्या दिवसांत मी खिडकीशेजारी झोपत नव्हतो. घरात कोणाला कारण सांगितले नाही.

पाऊस पुढे आला, उशिरा आणि थोडा. गाभाऱ्याचा उंबरा फोडून पाणी सोडण्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी उंच सभासद माझ्या दारात उभा होता. ठराव पाऊस पडेपर्यंतचा होता आणि पाऊस पडला होता, म्हणून आता त्याचे त्याला परत गेले पाहिजे, असे तो म्हणाला. मी निरोप पाठवला. न्यायला त्या गृहस्थाचा मेहुणा आला. तो गावात शिरेना. जीप सडकेलाच उभी करून थांबला.

आम्ही यंत्र तेथवर नेले. पुढे मी आणि मागे तो उंच सभासद. तुटलेले शेपूट त्याने वेगळे, फडक्यात गुंडाळून आणले होते. त्याने ते जीपमध्ये नीट, पोत्यांचा आधार देऊन ठेवले. मेहुण्याने घाईने दोर बांधला.

"ते सोता कावून न्हाई आले?" उंच सभासदाने त्याला विचारले. "चा पाजला असता."

मेहुणा दोराची गाठ मारत राहिला. मग म्हणाला, "घाबरतात ते."

"कुनाला?"

मेहुण्याने माझ्याकडे पाहिले.

"आमाला?" उंच सभासद म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखर आश्चर्य होते, मी ते नीट पाहिले. "आमाला कावून घाबरायचं? आमी काय केलं त्याला?"

जीप निघून गेली. तो माझ्याबरोबर गावापर्यंत चालत आला. वाटेत त्याने येत्या वार्षिक सभेची नोटीस वेळेवर काढा असे मला बजावले, आणि मी काढतो म्हणालो.